सायमाचं पहिलं मत आणि मी

मित्रांनो, आधी माझा वास घ्या बरं. आला ना कॉफीचा आणि वेलदोड्याचा? आता जरा खाली, पायांपाशी नाक न्या. तिथे अजून मासळीचा वास येईल. नाकं मुरडू नका, कारण त्या वासाची मला मुळीच लाज वाटत नाही. किवेलांच्या स्वयंपाकघरातलं मी एक जुनं टेबल आहे. आमच्या ओरेगन राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येते, त्यामुळे मत द्यायला कुणी शाळेत किंवा चावडीत जाऊन रांग लावत नाही. मतदान होतं ते आमच्यासारख्यांच्या पाठीवर. म्हणजे मी नुसतं जेवणाचं टेबल नाही, मतदान केंद्र आहे. हे सांगताना माझी छाती थोडी फुगते. पण माझी कहाणी ऐकलीत तर तुम्ही मला तेवढं माफ कराल.

माझा जन्म फर नावाच्या झाडाच्या एका जाड खोडातून झाला. कोलंबिया नदीच्या काठी, ॲस्टोरियात, मासळी डब्यात भरायचा कारखाना होता. तिथे मला जाड जाड खिळे ठोकून उभं केलं. रबरी बूट घातलेल्या बाया माझ्या दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या राहायच्या आणि दिवसभर सॅमन चिरायच्या. माझ्यावरून मिठाचं पाणी वाहायचं, खवले उडायचे आणि बायांच्या गप्पांना खंड नसायचा. त्यांच्यात एक होती सायमा. फिनलंडहून नवी नवरी म्हणून आलेली. तिचा नवरा आर्वो किवेला इथेच जन्मलेला आणि नदीत जाळी टाकणारा. सायमाला इथली भाषा नीट येत नव्हती, पण सुरी मात्र तिच्याइतकी चटकन कुणाची चालत नसे.

पुढे सायमाला दिवस गेले. पोट मोठं झालं, पाय सुजले. तिने मुकादमाकडे बसायला स्टूल मागितलं.

"बसायचं असेल तर घरी बस, बाई," मुकादम म्हणाला. "इथे कामाला माणसं लागतात, पाहुणे नाहीत."

सायमाने सुरी उचलली, माझ्या अंगात खचकन रोवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या शेजारणीने तेच केलं. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता सगळ्या ओळीच्या सुऱ्या माझ्यात उभ्या! मित्रांनो, खरं सांगतो, मला जराही दुखलं नाही. उलट असा आनंद झाला की काय सांगू! मासळीचा ढीग वाढत चालला, मुकादमाला घाम फुटला आणि जेवणाच्या सुट्टीआधी स्टुलं आली. नुसतं सायमालाच नाही, सगळ्यांना मिळाली. तिच्या पोटात तेव्हा होती कार्ला.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, दारांना कुलपं लागली. मला कोण विचारतो? जळणासाठी तोडणार असं कानावर आलं. पण आर्वोने मला आपल्या होडीत घातलं आणि नदीवरून घरी नेलं. सायमाने मला मीठ लावून घासलं, व्हिनेगरने पुसलं, पुन्हा घासलं. "आयुष्यभर मासळी खाल्लीस, आता पाव खा," ती मला म्हणाली. त्यानंतर माझ्यावर दर शनिवारी वेलदोड्याच्या पावाची कणीक मळली जाऊ लागली. कार्लाने माझ्यावरच अक्षरं गिरवली आणि माझ्यावरच घरातला रेडिओ उघडून त्याचे स्क्रू हरवले. ती मोठी होऊन वीजतंत्री झाली आणि मग शिकाऊ पोरापोरींना तारा जोडायला शिकवू लागली. चांगले दिवस होते ते.

मग आर्वो निवृत्त झाला आणि त्याला थाटाची हौस आली. घरात काचेचं टेबल आलं. मला मागच्या छपरीत हलवलं. माझ्यावर रंगाचे डबे आले, फाटकी जाळी आली आणि एका उंदराने संसार थाटला. सायमा कधीमधी खिळे शोधायला यायची, जाताना माझ्यावरून हात फिरवायची. पण हात फिरवल्याने धूळ किती जाणार? तिथे मी किती हिवाळे काढले ते सांगत बसत नाही. तुमच्यातल्या ज्यांना कुणी अडगळीत टाकलंय, त्यांना ते न सांगताच कळेल.

माझं नशीब फिरलं ते कार्लामुळे. तिने राज्याच्या कामगार आयुक्तपदाची निवडणूक लढवायचं ठरवलं. अख्ख्या राज्याने मत द्यायचं ते पद. कुणाची मजुरी बुडाली, कुणावर कामाच्या ठिकाणी अन्याय झाला, शिकाऊ उमेदवारांना नीट शिकवतात की नुसतं राबवतात, हे सगळं त्या आयुक्ताने बघायचं. कार्लाकडे पैसा नव्हता, म्हणून प्रचाराची कचेरी आईच्या स्वयंपाकघरात थाटली. अंगणात रोवायच्या पाट्यांचा पहिलाच गठ्ठा काचेच्या टेबलावर ठेवला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"मी सांगत नव्हते?" सायमा म्हणाली. "त्याला कामाची सवयच नाही. जा, माझं टेबल आण."

मित्रांनो, वरातीत नवरदेवाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं! एका बाजूने आर्वो आणि दुसऱ्या बाजूने शेजारचा डेल, असे दोघे मला उचलून अंगणातून घरात घेऊन आले. डेल म्हणजे लाकूडतोड्या. आर्वोचं आणि त्याचं राजकारणात कधी पटलं नाही, तीस-चाळीस वर्षं ते कुंपणावरून भांडत आलेत.

मला खाली ठेवून कंबर धरत डेलने विचारलं, "पण कार्ला, तू आहेस कुठल्या पक्षाची?"

"या पदाला पक्ष नसतो, डेलकाका. मतपत्रिकेवर नुसतं नाव."

"पक्ष नाही? अगं, मग माणसाने शिव्या कुणाला द्यायच्या?"

"मला दे. पण आधी या कागदांच्या घड्या घाल."

डेलने घड्या घातल्या. आर्वोही त्याच्यासमोर बसून घालू लागला. "पक्षाशिवाय निवडणूक म्हणजे मिठाशिवाय मासा," असं आर्वो कुरकुरला, त्यावर डेलने मान डोलावली. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता खरी गोष्ट ऐका. सायमा या देशात पन्नास वर्षं राहिली, पण ती इथली नागरिक नव्हती. आज करू, उद्या करू, असं म्हणता म्हणता राहून गेलं. मत द्यायचा दिवस आला की आर्वो माझ्यावर मतपत्रिका पसरायचा आणि ती त्याला कॉफी ओतून द्यायची, एवढाच तिचा मतदानाशी संबंध. कार्ला उभी राहणार म्हटल्यावर मात्र म्हातारीने कंबर कसली. नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न पाठ केले. आर्वो मास्तर झाला.

"सेनेटमध्ये माणसं किती?"

"शंभर. तूच सांग, आपल्या राज्याचे दोन सेनेटर कोण?"

आर्वोला एकच आठवला. "तू परीक्षेला बसलीयस का मी?" तो ओरडला.

सायमा पास झाली. शपथ घेऊन आली तेव्हा निळा कोट अंगात होता. तो न काढताच ती खुर्चीवर बसली आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. "आता मलाही येईल," ती म्हणाली. मतपत्रिका, दुसरं काय!

मे महिन्यात ती आली. त्या सकाळी आर्वोने जय्यत तयारी केली. दोघांच्या जागा समोरासमोर, मध्ये ओट्सचा मोठा खोका उभा, कारण मतदान गुप्त असतं. मतपत्रिका परत पाठवायचं, नाव छापलेलं आणि वर सही करायचं आपलं पाकीट त्याने खिडकीच्या बाजूला मांडलं, तिचं चुलीच्या बाजूला. मग प्रवचन सुरू झालं.

"काळ्या शाईने. गोल पूर्ण भरायचा. माझ्याकडे बघायचं नाही."

"तुझ्याकडे बघण्यासारखं आता उरलंय काय?" सायमा म्हणाली. तेवढ्यात चुलीच्या बाजूला उन्हाची तिरीप आली. "माझ्या डोळ्यांवर येतंय. जागा बदल."

दोघे उठले. आपापली मतपत्रिका आणि आपापला पेन घेऊन दोघांनी जागा बदलल्या. पाकिटं मात्र जिथल्या तिथे राहिली!

मी ते पाहिलं. सायमाने चष्मा लावला, कार्लाच्या नावापुढचा गोल हळूहळू भरला आणि तिचे डोळे असे भरून आले की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. आर्वोला तर चष्म्याचं वावडंच. "स्वतःच्या नावाची सही करायला चष्मा कशाला? हे बघ, इथे रेघेवर कर. मी पन्नास वर्षं करतोय." तिने त्याने दाखवलं तिथे सही केली, आर्वोच्या पाकिटावर. त्याने केली तिच्या पाकिटावर. दोघंही किवेला, बारीक छापलेलं नाव कोण वाचतो! मी जिवाच्या आकांताने करकरलो.

"या टेबलाचा पाय ढिला झालाय," आर्वो म्हणाला आणि पाकिटं घेऊन गावातल्या मतपेटीत टाकायला गेला.

मतमोजणी सुरू झाली. उमेदवार तिघं होते. निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर मे महिन्यातच निकाल, नाहीतर पहिल्या दोघांनी नोव्हेंबरात पुन्हा लढायचं. पहिल्या संध्याकाळी कार्ला निम्म्याच्या किंचित खाली होती. टपालातली मतं येत राहिली, आकडा रोज थोडा वर सरकत राहिला. सायमा येईल त्याला कॉफी द्यायची आणि सांगायची, "त्यात एक माझं आहे बरं का!" पाववाल्याला सांगितलं, चर्चमधल्या बायांना सांगितलं, टपाल टाकणाऱ्या मुलीला तर दोनदा सांगितलं.

बुधवारी ती बागेत असताना फोन वाजला. निवडणूक कचेरीतून होता. आर्वो माझ्याशी टेकून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "दोघांच्या सह्या उलट्या पाकिटांवर? ... दोघांनी येऊन पुन्हा सह्या करायच्या? ... नाहीतर मतं मोजणार नाहीत? ... मंगळवारी पाचच्या आत. हो. सांगतो तिला."

सायमा हात धूत आत आली. "कोण होतं?"

"खिडक्या विकणारा," आर्वो म्हणाला.

मित्रांनो, मला वाईट वाटलं आणि रागही आला. पण मी आर्वोला ओळखतो. तो दुष्ट नाही. मास्तर होऊन प्रवचन देणाऱ्यानेच घोटाळा केला होता, आणि ते कबूल करायला त्याची जीभ रेटत नव्हती. गुरुवारी तो पाव कॉफीत बुडवून खायचा विसरला. शुक्रवारी त्याने जेवताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. "एका मताने काय होतंय," असं तो एकटा असताना पुटपुटला. रविवारी सायमा पुन्हा कुणाला तरी म्हणाली, "त्यात एक माझं आहे," तेव्हा तो उठून होडीकडे निघून गेला. मंगळवार जवळ येत होता आणि ही गोष्ट जाणणारे आम्ही दोघंच होतो. त्यातल्या एकाला तोंड नव्हतं आणि दुसऱ्याला असून उपयोग नव्हता.

मंगळवारी दुपारी कार्ला घरी होती, डेलही आला होता. तीन वाजून गेले असतील. कार्लाचा फोन वाजला. दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराचाच होता. ती ऐकत राहिली, "आभारी आहे" एवढंच म्हणाली आणि फोन माझ्यावर ठेवला.

"झालं. निम्म्याच्या वर गेले. जिंकले मी."

काय दंगा झाला म्हणून सांगू! डेलने माझ्यावर अशा थापा मारल्या की कपबश्या नाचल्या. "शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं एकदाचं!" तो ओरडला. कार्ला हसतही होती आणि रडतही होती. सायमाने अख्खा पाव चिरला, सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली आणि आपला कप उंच धरला.

"माझं आयुष्यातलं पहिलं मत, आणि पहिल्याच खेपेला जिंकलं!"

आता बघा. आर्वो सुटला होता. मुलगी जिंकली होती, कुणी काही विचारणार नव्हतं, आणखी दोन तासांत मुदतही संपणार होती. त्याने कप उचलला असता तर ही गोष्ट माझ्याबरोबर जळणात गेली असती. पण त्याने कप खाली ठेवला.

"सायमा, तुझं मत मोजलेलं नाही."

"काय?"

"पाकिटं बदलली आपली. मी चुकीच्या जागी सही करायला लावली. कचेरीतून फोन आला होता."

"कधी?"

"बुधवारी."

"तो खिडक्या विकणारा?"

"तोच."

डेलने घास तसाच बशीत ठेवला. सायमा उभी होती, कप हातात.

"पन्नास वर्षं मतं देतोय म्हणे!" ती म्हणाली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि मी गावभर सांगत सुटले, त्यात एक माझं आहे म्हणून!"

"मुदत संपलेली नाही," आर्वो खाली बघत म्हणाला. "पाचपर्यंत आहे."

कार्लाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, जाऊ दे ना. जिंकलोय आपण. आता एका मताने काय फरक पडणार? बस, कॉफी घे."

सायमाने तो हात काढला. "उद्या तुझ्या कचेरीत एखादा मजूर येईल. म्हणेल, बाई, माझी एका दिवसाची मजुरी बुडाली. त्याला सांगशील, जाऊ दे रे, एका दिवसाने काय फरक पडतो?"

कार्लाने माझ्यावरचा फोन उचलून खिशात घातला.

"तू जिंकलीस, ते तुझं," सायमा म्हणाली. "मी मोजली गेले की नाही, ते माझं."

तिने एप्रन काढून माझ्यावर टाकला आणि निळा कोट चढवला. कार्लाने गाडीची किल्ली उचलली. "चल आई. मी चालवते."

"मी येऊ?" आर्वोने हळूच विचारलं.

"न येऊन कसं चालेल, मास्तर? तुझीपण सही लागणार. आणि चष्मा घे!"

ते गेले. उरलो मी आणि डेल. तो घड्याळाकडे बघायचा, पावाचा तुकडा मोडायचा, पुन्हा घड्याळाकडे बघायचा. "पोचली असेल ना म्हातारी?" त्याने मलाच विचारलं. मला तेव्हा तो फार आवडला. पाच वाजले. पाचाच्या पुढे काटा गेला तरी गाडी आली नाही. डेलने एक तुकडा सोडून उरलेला पाव संपवला, चुलीवरची कॉफी पुन्हा गरम केली. मग अंगणात चाकं करकरली.

सगळ्यांत आधी सायमा आत आली. "दाराशी पोचलो तेव्हा कुलूप लावायला दहा मिनिटं होती!" ती म्हणाली. कचेरीतल्या बाईंनी म्हणे विचारलं, उमेदवार तर जिंकल्याचं ऐकलं, तरी सही करायची आहे? त्यावर सायमाने पेन मागून घेतला. तिने सही केली, मग आर्वोने केली. चष्मा लावून.

"बाई म्हणाल्या, प्रत्येक निवडणुकीत एकतरी जोडपं असं करतंच," आर्वो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं दिसत होतं.

"त्या जोडप्यांतले नवरे कचेरीचा फोन आला की खिडक्या विकणारा होता म्हणून सांगत नाहीत," सायमा म्हणाली. पण पावाचा उरलेला तुकडा शोधून तिने त्याच्याच बशीत ठेवला. डेलने एकच ठेवला होता.

मग ती माझ्यापाशी बसली. दोन्ही तळवे माझ्यावर सपाट ठेवले, कणीक मळायच्या आधी ठेवते तसे. "मी त्यांना तीनदा विचारलं, आता मोजणार ना?" ती म्हणाली. "तिन्ही वेळा हो म्हणाल्या." आणि ती हसली. मित्रांनो, कार्ला जिंकली तेव्हा घर दणाणलं होतं, पण माझ्या लेखी खरा विजय तो हा.

आता माझं मागणं ऐका. आमच्यावर गरम पातेलं ठेवताना खाली फडकं ठेवा, सांडलं तर लगेच पुसा, आणि नवं आलं म्हणून जुन्याला छपरीत टाकू नका. हे तर सगळीच टेबलं सांगतात. मी आणखी एक सांगतो. तुमच्या घरातही एखादं माणूस असेल, इतरांना मत विचारताना ज्याच्या हातात नुसती किटली देतात. त्याला माझ्यापाशी बसवा, त्याला विचारा, आणि ते जे सांगेल ते मोजा. कार्ला आता आयुक्त आहे. तिच्या कचेरीत म्हणे लांबलचक चकचकीत टेबल आहे. तुमच्यापैकी कुणी कधी तिथे गेलात तर माझ्या त्या भावाला माझा निरोप द्या: तुझ्यापुढे जो कुणी एका दिवसाची मजुरी मागायला येईल, तो मोजला जाईपर्यंत जागचा हलू नकोस.